रडोबाची ओळ

ऑफिसात तिला सगळे कर्नलबाई म्हणत. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्याच्या चाचण्या ती सांभाळायची. आणि आवाजही थेट फौजेतल्या कर्नलचा. तिने 'नाही' म्हटलं की काळ्या दगडावरची रेघ.

तिच्या टीममध्ये एक चाळिशीतला, हळू बोलणारा प्रोग्रामर आला. पहिल्याच आठवड्यात तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. लिहिलेल्या कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचं काम, म्हणजे बिल्ड, त्याच्याकडे अडत होतं.

"मॅडम, चाचण्यांचा बिल्ड माझ्याकडे मधेच पडतो. एक हेडर फाईल सापडत नाही म्हणतो. पुन्हा लावला की होतो."

"माझ्याकडे व्यवस्थित होतो," स्क्रीनवरची नजर न हलवता ती म्हणाली. "तुमचं मशीन साफ करा."

त्याने मशीनवरचं सगळं पुसलं, नव्याने बसवलं. बिल्ड पडायचा तो पडतच राहिला. तो पुन्हा पुन्हा विचारायला येऊ लागला, तेव्हा तिने त्याला नाव ठेवलं: रडोबा. ते ऑफिसभर झालं, घरीही पोचलं. जेवताना ती त्याची नक्कल करायची आणि सासूबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायच्या.

मग एक दिवस त्याने दुरुस्ती पाठवली. कुठली फाईल कशाच्या आधी बनवायची हे सांगणाऱ्या मेकफाईलमध्ये एकच ओळ वाढवली होती. तिने वरवर पाहिली, फेटाळली आणि साऱ्या टीमला दिसेल असं खाली लिहिलं, 'नाचता येईना, अंगण वाकडं.' भराभर हसरे चेहरे उमटले. त्यानंतर तो विचारायला आलाच नाही.

पुढे तिचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर दुपारी तिने बिल्ड लावला, आणि तो मधेच पडला. हेडर फाईल सापडत नव्हती.

मेकफाईल तिनेच लिहिलेली. ती पहिल्यांदाच परक्याची असल्यासारखी तिने वाचली. चाचण्यांना लागणारी हेडर फाईल बिल्ड चालू असतानाच तयार व्हायची. चाचण्यांनी तिच्यासाठी थांबायला हवं होतं. पण थांबा असं कुठे सांगितलेलंच नव्हतं. सगळी कामं एकदम सुटायची आणि घाई करणारी चाचणी तोंडावर आपटायची. तिच्या जुन्या मशीनवर कधीकाळची फाईल पडून होती, म्हणून तिचं कधी अडलं नव्हतं.

तिने ओळ लिहिली. मग काहीतरी आठवून त्याची दुरुस्ती शोधून काढली. अक्षर न अक्षर तीच ओळ. खाली तिची म्हण, तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. बोट पाठवायच्या बटणावर होतं. स्वतःच्या नावाने पाठवली असती तर कुणी विचारलंही नसतं. स्क्रीन बंद करून ती घरी गेली.

"काय गं, तुझा रडोबा आज काय म्हणाला?" ताटं वाढताना सासूबाईंनी विचारलं.

"आई, त्याला तसं नका म्हणू."

"अगं, तूच तर म्हणतेस!"

नवऱ्याने मान वर केली. "काय झालं?"

तिने सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.

"मीसुद्धा हसले की गं," सासूबाई म्हणाल्या आणि ताटातलं चिवडत बसल्या.

सकाळी ती आधी त्याच्या टेबलाशी गेली.

"तुमची ओळ बरोबर होती. चूक माझी होती."

"हो. म्हणून तर पाठवली होती, मॅडम." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी न वाचताच…"

"मला दुसऱ्या टीममध्ये घेतलंय. सोमवारपासून."

"माझ्यामुळे?"

तो चार्जरची वायर गुंडाळत राहिला. "इथे काही विचारलं की हसंच व्हायचं."

तिने त्याची जुनी दुरुस्ती त्याच्याच नावाने स्वीकारली. मीटिंगमध्ये उभी राहून म्हणाली, "दोष माझ्या मेकफाईलमध्ये होता. यांनी तो दाखवला आणि मी यांचीच चेष्टा केली. माफ करा."

"जरा मोठ्याने, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं. खरंच ऐकू आलं नव्हतं त्याला. तिने सगळं पुन्हा सांगितलं. तो प्रोग्रामर खाली बघत होता.

सोमवारी तो वरच्या मजल्यावर गेला. बिल्ड आता सगळ्यांकडे नीट होतो. जिन्यात भेटला की तो मान हलवतो, थांबत नाही. तीही थांबवत नाही. माफी मागून झाली. ती मिळावी म्हणून त्याच्या मागे लागणं हा त्याला पुन्हा त्रासच, एवढं तिला आता कळतं.