लायसन्स बघू का?

एजंटने कागद टेबलावर फिरवून शैलेंद्रसमोर सरकवला आणि त्यावरच्या एका नंबरावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे पिस्तूल तुम्ही ऑक्टोबर २००१मध्ये विकत घेतलंत. बरोबर?"

शैलेंद्रने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला. नंबर आठवण्याचं काही कारणच नव्हतं. पण खाली दुकानाचा शिक्का होता आणि सही त्याची होती.

"हो."

"आता कुठे आहे?"

"विकलं. तीन वर्षं झाली."

पद्मिनी ओट्यापाशी उभी होती. अर्धी भेंडी चिरून झाली होती, अर्धी पुसून पेपर टॉवेलवर पसरली होती. सुरी खाली ठेवावी की चिरत राहावं, तिला कळेना. संध्याकाळचे सहा वाजले होते, पण टेक्सासच्या शुगर लँडमधलं मे महिन्यातलं ऊन अजून काचेच्या दारातून आत येत होतं.

एजंट बंदुकांचा तपास करणाऱ्या सरकारी खात्याचा होता; पन्नाशीचा, शांत बोलणारा माणूस. त्याने सगळं सावकाश सांगितलं. एप्रिलच्या सुरुवातीला लुइझियानातल्या एका छोट्या गावात, फर्निचरच्या गोदामात, कामावरून काढलेला एक माणूस जेवणाच्या सुट्टीत परत आला. त्याने चौघांना मारलं आणि मग स्वतःला. पद्मिनीला ती बातमी पुसट आठवली. दोन दिवस टीव्हीवर होती. पुढच्याच आठवड्यात व्हर्जिनियातल्या विद्यापीठात बत्तीस जण मेले, आणि हे चौघं सगळ्यांच्या बोलण्यातून गेले. तिच्याही.

त्या माणसाच्या हातातलं पिस्तूल कुठून आलं याचा माग काढत ते लोक कारखान्यापासून दुकानापर्यंत आणि दुकानापासून शैलेंद्र साठ्यांच्या दारापर्यंत आले होते.

"विकताना त्याचं काही ओळखपत्र बघितलंत का?" एजंटने विचारलं.

"नाही," शैलेंद्र म्हणाला. "सुचलं नाही तेव्हा."

पद्मिनीने मान वर केली. शैलेंद्र तिच्याकडे बघत नव्हता.

ते पिस्तूल घरात आलं तेव्हा न्यूयॉर्कचे टॉवर पडून महिना झाला होता. डॅलसकडे आपल्यासारख्या दिसणाऱ्या दुकानदारांना गोळ्या घातल्याच्या बातम्या होत्या. एका सिग्नलला कोणीतरी शैलेंद्रच्या गाडीवर बाटली फेकली. ऑफिसातल्या माणसाने त्याला दुकानात नेलं, अर्ध्या तासात काम झालं. शैलेंद्रने ते कपाटात वरच्या खणात ठेवलं आणि नंतर कधी हातही लावला नाही. तीन वर्षांनी, नऊ वर्षांची रुही आकाशकंदिलाचं खोकं शोधायला स्टुलावर चढली आणि ते हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "मॉम, इज धिस रिअल?" पद्मिनीने ते तिच्या हातातून कसं काढून घेतलं हे तिला आजही आठवत नव्हतं. आठवत होतं ते त्यानंतरचं आपलंच बोलणं. रविवारच्या आत हे घराबाहेर गेलं पाहिजे. नाहीतर मी आणि रुही जातो.

"तो कसा होता, आठवतं?" एजंट विचारत होता.

"सभ्य होता. मला सर म्हणत होता." शैलेंद्र थांबला. "मी पेपरात जाहिरात दिली होती. टायरच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो, भर दुपारी. लाल ट्रक होता. मागे लहान मुलगी बसली होती, कार सीटमध्ये. मला वाटलं, मुलगी बरोबर आहे म्हणजे..."

एजंटने लिहून घेतलं.

"ट्रकची नंबर प्लेट टेक्सासची होती," शैलेंद्र म्हणाला.

"भावाचा ट्रक होता तो. हा राहायला लुइझियानात. आणि बायकोने त्याच्यापासून संरक्षणासाठी कोर्टाचा आदेश घेतला होता, त्यामुळे दुकानात त्याला कोणी दिलं नसतं." एजंटने फाईल मिटली. "दुसऱ्या राज्यातल्या माणसाला असं परस्पर विकता येत नाही, सर. त्याचं लुइझियानाचं ड्रायव्हिंग लायसन्स बघूनही विकलं असतंत तर तुम्ही अडचणीत असता. तुम्ही बघितलं नाहीत, तुम्हाला माहीत नव्हतं. त्यामुळे तुमच्या हातून गुन्हा झालेला नाही. काळजी करू नका."

दारापर्यंत पोचवायला पद्मिनी गेली. त्याने तिला कार्ड दिलं, घराबाहेरच्या मोगऱ्याचं कौतुक केलं आणि तो गेला. जिन्यावर बारा वर्षांची रुही उभी होती.

"आर वी इन ट्रबल?"

"नाही गं. डॅडला काहीतरी विचारायचं होतं त्यांना."

"सो नो?"

"नो," पद्मिनी म्हणाली.

जेवण झालं. रुही वर गेल्यावर शैलेंद्र उरलेली भाजी डब्यात काढू लागला.

"तू खोटं का सांगितलंस त्याला?" पद्मिनीने विचारलं.

"काय खोटं?"

"सुचलं नाही म्हणून. सुचलं होतं तुला. फोन केला होतास मला."

तो डब्याचं झाकण लावत राहिला. ते नीट बसत नव्हतं.

पिस्तूल विकलं त्या शनिवारी ती महाराष्ट्र मंडळाच्या स्वयंपाकघरात होती. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी चाळीस जणींचा गोंधळ चालला होता, हात पिठाचे होते, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेला. शैलेंद्र हळू आवाजात म्हणाला होता, "लायसन्स बघू का गं त्याचं? मागायला ऑकवर्ड वाटतंय." आणि ती म्हणाली होती, "बघ नाहीतर नको बघूस. पण ते परत घरी आणू नकोस." फोन तिनेच आधी ठेवला होता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने फक्त विचारलं, "गेलं?" तो म्हणाला, "गेलं." त्या रात्री ती कित्येक दिवसांनी गाढ झोपली.

"त्यात तुझं नाव कशाला आणायचं?" शैलेंद्र आत्ता म्हणाला. "आणि लायसन्स मागायचं मला होतं. तुला नाही."

फ्रीजवर तिच्या मैत्रिणीच्या, शोभनाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी लोहचुंबकाने लावलेली होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी लायब्ररीत सभा होती. व्हर्जिनियानंतर रुहीच्या शाळेतल्या आया एकत्र आल्या होत्या. बंदूक दुकानातून घ्या नाहीतर शेजाऱ्याकडून, घेणाऱ्याची तपासणी व्हायलाच हवी, एवढीच त्यांची मागणी होती. आमदाराचा माणूस ऐकायला येणार होता. पद्मिनी पहिली बोलणार होती.

"मी तिथे हे सांगणार आहे," ती म्हणाली.

"जुलैत सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे, पद्मा."

"गुन्हा नाही म्हणाला ना तो?"

"म्हणाला. म्हणून गावभर सांगत सुटायचं?"

पद्मिनीने ओट्यावरचा दिवा मालवला. सकाळी तो ऑफिसला निघताना बूट घालायला बसला आणि लेस हातात धरून थांबला.

"सांगायचं असेल तर सांग," तो म्हणाला. "पण आधी ज्यांचं गेलं त्यांना. त्यांनी ते सभेतून ऐकू नये. मी ड्राइव्ह करतो."

त्यांनी चार घरांना चार पत्रं लिहिली. तीन घरांतून काहीच आलं नाही. आठ दिवसांनी दुपारी एक फोन आला. बाईचा आवाज थकलेला होता. "मी चार्लीन ब्रूसार्ड. लिओनार्डची बायको. शुक्रवारी मी घरी असते," एवढंच ती म्हणाली आणि पत्ता सांगितला.

रुहीला यामिनी मावशीकडे सोडून ते सकाळीच निघाले. चार तास रस्ता सरळ होता. दोघांनी रेडिओ लावला नाही. शैलेंद्र मधूनमधून ओठ हलवत होता; सांगायची वाक्यं पाठ करत होता.

चार्लीन ब्रूसार्डने त्यांना बैठकीत बसवलं आणि आइस्ड टीचे ग्लास आणून ठेवले. कोचावर धुतलेल्या कपड्यांची घडी घातलेली चळत होती, ती तिने उचलून बाजूला केली. शैलेंद्रने सांगायला सुरुवात केली. जाहिरात, पार्किंग, ट्रक. लायसन्सपाशी आला आणि म्हणाला, "मी विचारलं नाही."

"त्याला विचारायचं होतं," पद्मिनी मध्येच बोलली. "त्याने मला फोन करून विचारलं होतं. मीच म्हटलं, बघ नाहीतर नको बघूस. मला फक्त ते माझ्या घरातून जायला हवं होतं. कुठे जाईल, हा विचारच मी केला नाही."

इतके दिवस तिला वाटत होतं, हे बोलताना आपल्याला रडू येईल. आलं नाही. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं.

चार्लीनने ग्लास हातात फिरवला.

"गाडीत त्याची मुलगी होती म्हणालात."

"हो. तीनेक वर्षांची असेल तेव्हा."

"केसी. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग मी घेते. ती असते त्यात. अजूनही येते. तिची आई शेवटच्या बाकावर बसते आणि प्रार्थना संपायच्या आत तिला घेऊन निघून जाते. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून." तिने ग्लास ठेवला. "मी त्या बाईला थांबवू शकले असते एखाद्या रविवारी. अजून जमलेलं नाही."

पद्मिनीने सभेबद्दल सांगितलं. मागणी काय आहे ते सांगितलं. "हे सगळं तिथे बोलले तर चालेल का तुम्हाला?"

"तुमचं तुम्ही सांगा. लिओनार्डचं नाव घेऊ नका." चार्लीनचा आवाज चढला नाही. "लिओनार्डचं स्वतःचं पिस्तूल होतं. बाहेर उभ्या त्याच्या ट्रकच्या खणात. कंपनी आत आणू देत नव्हती. पन्नास पावलांवर होतं ते त्याच्यापासून. मला विचाराल तर मी तो नियम आधी बदलीन. लिओनार्ड तुमच्या बाजूचा नव्हता, मॅडम. मीही नाही."

याला उत्तर होतं. पद्मिनीने महिनाभर तीच उत्तरं गोळा केली होती, आकड्यांसकट. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"इतक्या लांब आलात," चार्लीन म्हणाली. "मी काय म्हणावं असं वाटत होतं तुम्हाला?"

शैलेंद्रने पद्मिनीकडे बघितलं. पद्मिनीने जमिनीकडे.

चार्लीनने घड्याळ बघितलं आणि उठली. "माझी मुलगी शाळेतून येईल आता. तिच्याआधी निघा. ज्याच्यावर राग धरायचा तो मेला, म्हणून ती रोज वेगळ्यावर धरते. कधी देवावर, कधी माझ्यावर. तुमचे चेहरे नकोत तिला." दाराकडे जाता जाता तिने ग्लास उचलले. दोघांनी चहाला तोंडही लावलं नव्हतं.

गाडी गल्लीतून बाहेर पडते न पडते तोच समोरून शाळेची पिवळी बस आली आणि लाल दिवे लावून थांबली. शैलेंद्रने ब्रेक लावला. बसमधून एकच मुलगी उतरली. तेरा-चौदा वर्षांची, खांद्यावर बॅग, हातात गुंडाळलेला चार्टपेपर. तिचं कपाळ अगदी चार्लीनचं होतं. रस्ता ओलांडताना तिने थांबलेल्या गाडीकडे बघून हात वर केला, थँक्यू म्हणून.

दिवे विझले, बस गेली. रस्ता मोकळा झाला. शैलेंद्रचा पाय ब्रेकवरून निघेना.

"चल," पद्मिनी हळूच म्हणाली. "शैलेंद्र, चल ना."

मुलगी पोस्टाच्या पेटीपाशी थांबली होती. तिने वळून बघितलं. टेक्सासची गाडी, आत दोन परके लोक, हलत नाहीत. ती दोन पावलं मागे आली आणि पद्मिनीच्या बाजूने वाकून काचेवर बोटाने टकटक केली.

पद्मिनीने काच खाली केली.

"रस्ता चुकलात का?" मुलीने विचारलं.

"हो," पद्मिनी म्हणाली.

मुलीने चार्टपेपर काखेत धरला आणि हात लांब करून नीट सांगितलं. सरळ जा, पाण्याची टाकी लागेल, तिथून डावीकडे, मग हायवे. पद्मिनीचा चेहरा बघून तिला वाटलं असावं की यांना कळलेलं नाही. तिने सगळं पुन्हा एकदा, आणखी सावकाश सांगितलं.