विद्यार्थिनीने स्वतः हजर राहावे

शाळेचं पत्र आलं तेव्हा पोरगी जाऊन दीड महिना झाला होता. विद्यार्थिनीविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात समिती शुक्रवारी सकाळी बसणार आहे, विद्यार्थिनीने पालकांसह स्वतः हजर राहावे, पूर्ण गणवेशात, असं त्यात लिहिलं होतं. खाली टीप होती: उशीर चालणार नाही.

ब्रेकमास्तरने पत्र दोनदा वाचलं आणि उजवा पाय खाली दाबला.

ही त्याची जुनी खोड. तो गाडी चालवायला शिकवायचा. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून पायाला वाटायला लागलं होतं की जगातली प्रत्येक गोष्ट आपणच थांबवायची आहे. सिनेमात कुणी कड्यावरून पडायला लागलं की पाय दाबला जायचा. न्हाव्याचा वस्तरा कानाजवळ आला की दाबला जायचा. शाळेतून तो फोन आला तेव्हा गाडी भर चौकात थांबली होती, मागे भोंग्यांचा गोंगाट चालला होता, आणि गाडी शिकणारा म्हातारा घाबरून म्हणत होता, "चुकलं सर, माझंच चुकलं."

पोरीला घरात सगळे रेडिओ म्हणायचे, कारण ती कुणाचाही आवाज काढायची. शेजारीण, बातम्या देणारा, बंद पडत आलेला फ्रीज, सगळे तिच्या गळ्यात राहायला होते. शाळेत तिचा आवडता आवाज मुख्याध्यापकांचा. मुलं त्यांना भोंगा म्हणत. शाळेच्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी स्पीकर लावले होते आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशीसुद्धा ते माइकवरून बोलत.

एका सोमवारी भोंगा माइक चालू ठेवून चहाला गेला. थोड्याच वेळात सगळ्या भिंती त्याच्या आवाजात म्हणाल्या, "सर्वांना कळवण्यात येते की माझ्या पोटात कळ आल्यामुळे शाळा आत्ता सुटली आहे. दप्तर घ्या. ढकलाढकली नको."

ढकलाढकली झाली नाही. इतक्या शिस्तीत ती शाळा कधीच सुटली नव्हती. दोन शिक्षकही घरी गेले. भूगोलाचे सर संध्याकाळी सिनेमाच्या रांगेत सापडले.

त्याच दिवशी भोंग्याने तिला शाळेतून काढल्याचं पत्र हातात दिलं. ते समितीने पक्कं करायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शाळेचं लोखंडी सरकतं गेट तिच्या अंगावर पडलं. ते किती तरी महिने रुळावरून निसटलेलं होतं आणि तारेने भिंतीला बांधून ठेवलं होतं. तार गंजलेली होती, हे नंतर सगळ्यांना आधीपासूनच माहीत असल्याचं निघालं.

पोलिसांना शाळेने सांगितलं, मुलीला आम्ही सोमवारीच काढलं होतं, मंगळवारी ती बाहेरची होती, न विचारता आत शिरली. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलं: बाहेरची मुलगी. बाहेरच्या मुलीवर गेट पडलं तर त्यात गेटचा काय दोष?

काढलेलं असताना पोरगी त्या दिवशी गणवेश घालून शाळेत का गेली, हे ब्रेकमास्तरला माहीत नव्हतं. तो अंधारातच शिकवणीला बाहेर पडला होता. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "गेली, झालं," आणि भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

*

शाळेच्या कटकटींसाठी मोफत कायदेशीर सल्ला देणारं केंद्र एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून फरशीतून वाफ यायची, त्यामुळे तिथे आलेला प्रत्येक माणूस रडून आल्यासारखा दिसायचा. निम्मे खरंच रडून आलेले असायचे. बाकावर एक मुलगा आईशेजारी बसला होता. त्याला 'शिक्षकांकडे टक लावून बघतो' म्हणून काढलं होतं. तो ब्रेकमास्तरकडे टक लावून बघत होता.

वकीलबाई आत एकटीच होती. गाडी चालवायला ती ब्रेकमास्तरकडेच शिकली होती. शिकली, असं तिचं म्हणणं होतं.

"सर, बसा. त्या खुर्चीत नको, ती मोडते."

तिने पत्र वाचलं. गणवेशाच्या ओळीवर थोडा वेळ थांबली.

"एक गोष्ट आपल्या बाजूची आहे," ती म्हणाली. "समितीने शिक्का मारेपर्यंत काढून टाकणं पक्कं होत नाही. आणि मुलीचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्यांना शिक्का मारता येत नाही. तोवर ती शाळेचीच. मंगळवारीसुद्धा."

"तिचं म्हणणं कसं ऐकणार?"

"नाही ऐकता येणार. तेच तर," ती पटकन म्हणाली, आणि मग स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यासारखी पेनाकडे बघत राहिली. "माफ करा सर."

"पुढे सांगा."

"यात एकच भगदाड आहे. पालक समितीपुढे बोलले तर ते मुलीच्या वतीने बोलले असं धरतात. म्हणजे ऐकून झालं. म्हणजे तिथल्या तिथे निकाल, आणि निकाल काय लागणार ते तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही तिथे तोंड उघडायचं नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही, 'पाणी द्या' पण नाही."

"मला शिव्या घातल्या तर?"

"घालू देत."

"तिला घातल्या तर?"

खाली लाँड्रीतलं मशीन फिरत होतं. वकीलबाईने पत्राची घडी घालून ते त्याच्यापुढे सरकवलं.

"तुम्हाला जमेल," ती शेवटी म्हणाली. "गाडीत तुम्ही कधी बोलायचात? त्या शांततेत मी तुम्हाला माझ्या मोडलेल्या लग्नाची अख्खी हकिकत सांगितली होती. तुम्ही विचारलंही नव्हतं."

"तुम्ही आरसा बघितला नव्हता."

"तेही मीच कबूल केलं!"

खरं होतं. ओरडलं की शिकणारा आणखी जोरात गाडी मारतो, हे ब्रेकमास्तरला सुरुवातीलाच कळलं होतं. आपण गप्प बसलो की मात्र माणसाला ते सहन होत नाही. आधी तो घाम पुसतो, मग स्वतःहून चुका सांगायला लागतो. गाडीच्या झाल्या की घरच्या.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मी आत यायची नाही," ती म्हणाली. "त्या गेटातून माझं पाऊल पडायचं नाही. तुम्ही जा आणि चांगलं फाडफाड बोलून या त्यांना."

"बोलायचं नाहीये. तेच तर सांगतोय."

"मग जाता कशाला? गप्प तर घरी पण बसता की!"

*

सुनावणी चित्रकलेच्या वर्गात होती. मागच्या फळीवर मुलांनी केलेली मातीची डोकी वाळत ठेवली होती. एकालाही कान जमले नव्हते. समोर समिती: मधे अध्यक्ष, हा फरशीचा व्यापारी. एका बाजूला शिक्षण खात्याच्या निरीक्षकबाई, पेपरमिंट चघळत. दुसऱ्या बाजूला भोंगा, आणि त्याच्यापुढे माइक. खोली एवढीशी होती की कुजबुजलं असतं तरी भागलं असतं.

शिपायाने दारात उभं राहून हाक मारली. मग व्हरांड्यात जाऊन मारली. परत यायला त्याला वेळ लागला.

"कुठेच नाही साहेब. बाथरूमच्या बाहेरूनही हाक मारली."

"विद्यार्थिनी गैरहजर," भोंगा माइकवर म्हणाला.

"आमची थांबायची तयारी आहे," वकीलबाई म्हणाली. "ती आली की सुरू करू."

"किती वेळ थांबायचं?" अध्यक्ष.

"ते समितीने ठरवावं."

"अहो बाई, ती वारली आहे!"

"मग पत्र कुणाला पाठवलंत?"

निरीक्षकबाईंची पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात गेली.

"ठीक आहे, ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "वडील आलेत ना? ते बोलतील तिच्या वतीने. बोला काका."

ब्रेकमास्तर बोलला नाही.

"पालक काही बोलणार नाहीत," वकीलबाई म्हणाली.

भोंग्याने आरोप वाचायला घेतले. उद्धट. खोटारडी. वडीलधाऱ्यांच्या शरीरधर्माची जाहीर टवाळी करणारी. वाचून झाल्यावर तो माइकवरून ब्रेकमास्तरकडे वाकला. "घरी पण अशीच होती का हो?"

टेबलाखाली ब्रेकमास्तरचा पाय दाबला गेला तो वर आलाच नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती आणि तो ती तिथे धरून बसला होता, चढावर गाडी धरावी तशी. अशीच होती, त्याला सांगायचं होतं. घरी तर याहून वाईट होती. तुमची पोटातली कळ ती जेवताना करून दाखवायची, आम्हाला ठसका लागायचा.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघा, शाळेलाही मन आहे. नवीन गेट बसवलंय, आमच्याच दुकानामार्फत, एकदम मजबूत. तुम्ही हे प्रकरण संपवू दिलंत तर त्या गेटला आम्ही तिचं नाव देऊ. पितळी अक्षरात."

वकीलबाईने डोळे मिटून घेतले. ब्रेकमास्तर भोंग्याकडे बघत होता. रागाने नाही. शिकणाऱ्याने गिअर चुकवल्यावर बघायचा तसा, थोडा वाट बघत.

कुणीच बोलेना. निरीक्षकबाईंनी चघळणं थांबवलं होतं. भोंग्याने रुमाल काढून कपाळ पुसलं, रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. शांतता म्हणजे त्याच्या दृष्टीने बिघडलेला स्पीकर. ती त्याने कधी दुरुस्त केल्याशिवाय सोडली नव्हती.

"असं बघू नका हो," तो म्हणाला. "मी काय राक्षस आहे का?"

ब्रेकमास्तर बघत राहिला.

"रागाच्या भरात दिलं मी ते पत्र. देतो माणूस. मागे घेतलंही असतं. दुसऱ्या दिवशी आलीच होती ती, सकाळीच. माफी मागायला. माझ्याच आवाजात मागितली, सवयीने सुटलं असेल तिच्या तोंडून. मला हसू आलं. पण हसलो तर शिस्त काय राहणार? म्हणून म्हटलं, जा, गेटपाशी उभी राहा, मी बोलावेपर्यंत हलायचं नाही."

"हलायचं नाही," बाहेरच्या व्हरांड्यातून भिंत म्हणाली.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मैदानावर खेळाचा तास होता, तिथल्या आरोळ्यांत इतका वेळ काही ऐकू आलं नव्हतं. आता त्या थांबल्या होत्या. माइक सुनावणीच्या सुरुवातीपासून चालू होता. पोटातल्या कळेपासून पितळी अक्षरांपर्यंत सगळं वर्गावर्गातून, मैदानावरून, रस्त्यापर्यंत गेलं होतं.

"माइक बंद करा!" अध्यक्ष ओरडले. तेही गेलं.

निरीक्षकबाईंनी उरलेली पेपरमिंट दातांनी फोडली. "म्हणजे मंगळवारी तुम्हीच तिला गेटपाशी उभं केलंत. शिक्षा म्हणून."

"तशी शिक्षा नाही..."

"शाळा बाहेरच्या मुलीला शिक्षा करते का?"

भोंग्याने अध्यक्षांकडे बघितलं, अध्यक्षांनी फळीवरच्या डोक्यांकडे. या गप्प बसण्यातही तसा दम होता, पण ब्रेकमास्तरच्या हाताखाली तयार झालेला नव्हता.

"काढून टाकायचा प्रस्ताव रद्द," निरीक्षकबाई म्हणाल्या. "ती त्या दिवशी शाळेची होती. पोलिसांना मी कळवते, आणि ते गेटबिट कुणाचं काय, ते तिकडे बघू देत." त्यांनी पर्स उचलली. "संपलं."

वकीलबाईने टेबलाखालून ब्रेकमास्तरचा हात दाबला. "सर, आता बोललात तरी चालेल."

ब्रेकमास्तरने टाळ्याला धरलेली जीभ सोडली.

"मग बोलावलंत?" त्याने भोंग्याला विचारलं.

भोंग्याने माइकवर तळवा ठेवला. "मीटिंग होती. मग चहा आला. मग..." तो म्हणाला, "विसरलो."

माइकशिवाय त्याचा आवाज बारीक होता, कुणा वर्गातल्या मुलाचा असावा तसा. हा आवाज रेडिओला काढता आला नसता. तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

*

बायको रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसली होती. गेटच्या खांबावर जुना स्पीकर होता, तो तिच्या बरोबर समोर होता. ब्रेकमास्तरला काही सांगावं लागलं नाही. ती उठली, आणि दोघं घराकडे चालायला लागली.

पहिला चौक गेला. तो गप्प होता. जिंकून आलेला माणूस काय बोलतो ते त्याला माहीत नव्हतं. शेजारी बायको पदराने कपाळ पुसत होती. पुसून झालं तरी पुन्हा पुसत होती.

"तो म्हणाला ती माफी मागायला आली होती," ती म्हणाली.

तो काही बोलला नाही.

"अहो, त्या दिवशी सकाळी... तुम्ही शिकवणीला गेलात ना, त्यानंतर..."

ब्रेकमास्तरला पुढचं वाक्य दिसलं. वळणावर समोरून येणारा ट्रक दिसतो, तसं अख्खं दिसलं. इस्त्री केलेला गणवेश दिसला. जा, पाय धर त्यांचे, असं दारात म्हणणारा बायकोचा आवाज ऐकू आला. हे काम आपलं गप्प बसणंच करतंय, हेही त्याला कळलं. त्याने पाय दाबला. पायाखाली नुसता रस्ता होता.

"वकीलबाईला अजून रिव्हर्स जमत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी लावताना कठड्याला घासली तिने. खिडकीतून बघितलं मी. एवढं शिकवलं, पण आरसा बघत नाही म्हणजे नाही."

"अहो, मी काय सांगतेय..."

"आणि तो अध्यक्ष! पितळी अक्षरं म्हणे. पितळ काळं पडतं, एवढं तरी कळायला नको? फरशीवाला कसला तो?"

तो बोलत राहिला. क्लचबद्दल बोलला, कान नसलेल्या मातीच्या डोक्यांबद्दल बोलला, भूगोलाच्या सरांचा सिनेमा पुढे बघून झाला असेल का, याबद्दल बोलला. अख्ख्या संसारात बोलला नव्हता इतका बोलला. श्वास घ्यायला थांबला की बायको तोंड उघडायची, की लगेच तो पुढचा विषय घ्यायचा.

घर अजून दोन चौक लांब होतं, आणि त्याच्याजवळचे विषय संपत आले होते.