कमलने घातलेलं गाऱ्हाणं

पुण्याजवळच्या लष्करी अकादमीतून आलेली सामानाची यादी साडेतीन पानांची होती. तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, काळे चामडी बूट कोरे आणू नयेत, आधी वापरून पायात बसवून आणावेत. तिथे निवड झालेल्या पूर्वीने ते मोठ्याने वाचलं आणि आत्याला म्हणाली, "म्हणजे नवी नवरी नको, संसार केलेली पाहिजे."

"मग मी काय त्यांना चालायची नाही," कमल म्हणाली. तिचं लग्न झालं नव्हतं. अडुसष्ट वर्षं ती लालबागच्या त्याच चाळीत, तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

जायला तीन आठवडे होते. पूर्वी पहाटे परळच्या मैदानात धावायची, आल्यावर गॅलरीत जोर काढायची, मग बूट चढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्धा तास चालायची. तिचे आईबाप नऊला ऑफिसला जात. बुटांना पॉलिश, पायाच्या फोडांना खोबरेल आणि पोरीच्या तोंडात दोन घास घालणं हे सगळं कमलकडे होतं.

बूट घरात आले त्या सोमवारी कमलने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. कोकणातून आलेल्या त्यांच्या घरात कुणी लांब निघालं की देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना हाक मारून राखण मागायची, ही रीत. हे काम खरं पुरुषाचं, वडील असताना तेच करत. पण पूर्वीच्या बापाला, राजेशला, मालवणी चार वाक्यांपलीकडे येत नसे. तो मागे उभा राहून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणाला, तेवढंच.

वडील नेहमी म्हणत, "तुमच्या जाग्यार रवान राखण करा." म्हणजे जिथे आहात तिथूनच सांभाळा. कमलला ते शब्द त्या वेळी आठवले नाहीत. तिला आठवला रामू, राजेशच्या आधीचा भाऊ. लहानपणी जिन्यावरून पडला, डावा पाय मोडला आणि वाकडाच सांधला. फौजेत जायचं म्हणून दोनदा भरतीच्या रांगेत उभा राहिला, दोनदा पायाकडे बघून परत पाठवला गेला. गिरण्यांच्या संपाच्या साली, बाविसाव्या वर्षी काविळीने गेला.

"रामू," कमल नारळावर हात ठेवून म्हणाली, "तुका थंय जावचा होता मा? मग हिच्या वांगडा चल."

"व्हय म्हाराजा," राजेश म्हणाला. ती रामूला पोरीबरोबर चल म्हणतेय, हे त्याला कळलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराला कमल तांदूळ निवडत होती. बाहेर गॅलरीत बूट वाजले. एक पाऊल खणखणीत, दुसरं घासत येणारं. पूर्वी तेव्हा दादरला फोटो काढायला गेली होती. कमलने दार उघडलं तर गॅलरीत उन्हात वाळणारे कपडे तेवढे होते. बूट दाराशी जागच्या जागी. तिने आत हात घातला. चामडं ऊबदार होतं, आताच कुणी पाय काढल्यासारखं.

ती घाबरली नाही. बेचाळीस वर्षांनी ती चाल ऐकली होती. तिने दार उघडंच ठेवलं आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

मग ते रोजचंच झालं. खालच्या मजल्यावरचे सीताराम जिन्यात भेटले. "कमल, पोरीला सांग, दुपारी तरी बूट काढ. माझ्या डोक्यावर परेड चालते."

"सराव करते हो."

"आणि पाय का ओढते गं ती?"

कमल जिना चढून वर आली. घरी येऊन तिने बूट उजेडात धरले. डाव्याच्या टाचेची बाहेरची कड झिजली होती आणि सुरकुती पुढे पडायच्या ऐवजी तिरकी, करंगळीच्या बाजूला पडली होती. पूर्वीचे पाय सरळ होते. हे बूट पायात बसत होते, पण दुसऱ्याच्या.

दुसऱ्या आठवड्यात पूर्वी मैदानातून उशिरा परतली. "आत्या, दीड मिनिट जास्त लागलं. डावा पाय बाहेर जातोय. मी सरळ टाकते, तो ऐकत नाही."

डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला, हाड चांगलं आहे म्हणाले. पूर्वीने चप्पल घातली, स्पोर्ट्स शूज घातले. पाय तसाच पडत राहिला. रात्री जेवताना ती खाली मान घालून म्हणाली, "अशी गेले तर पहिल्या चाचणीतच परत पाठवतील." त्या ताटावर वाकलेल्या मानेत कमलला दुसरीच मान दिसली, दुसऱ्यांदा परत पाठवलेल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी सगळे बाहेर गेल्यावर तिने पुन्हा नारळ ठेवला.

"रामू, चुकला माझा. तिका सोड. तुझ्या जाग्यार जा."

मागे "व्हय" म्हणायला कुणी नव्हतं. गॅलरीत बूट वाजत होते ते दाराशी येऊन थांबले, पण परत फिरले नाहीत. कमल बराच वेळ वाट बघत बसली. त्याला जागा तरी कुठे होती? ना फौजेत, ना फार दिवस या घरात. जा म्हणताना तिचाच आवाज चिरकला होता, आणि ते त्याला कळलं असणार.

"बरा तर," ती शेवटी म्हणाली. "जाव नको. पण तिच्या वांगडा नाय. माझ्या वांगडा चल."

दाराबाहेरून, अगदी जवळून, पुरुषाचा आवाज आला, "व्हय."

शनिवारी पूर्वी वेळेच्या आत धावली. तिने घरी येऊन आत्याला उचलून गोल फिरवलं. बूट राहिलेल्या पाच दिवसांत तिच्या पायात बसले, सुरकुती सरळ झाली.

निघायच्या सकाळी कमल सगळ्यांबरोबर खाली उतरली. राजेशने ट्रंक टॅक्सीत ठेवली. पूर्वी पाया पडली आणि उठताना थबकली. "आत्या, तू पाय असा का टाकतेस?"

"वय झालं. जा, उशीर होतोय."

पूर्वी ताठ, सरळ पावलं टाकत टॅक्सीपर्यंत गेली. गाडी वळेपर्यंत कमल उभी राहिली. मग तिने जिन्याचा कठडा धरला. उजवा पाय पायरीवर पडला, डावा घासत मागून आला. पहिल्या मजल्यावर ती दम खायला टेकली, शेजारी थोडी जागा सोडून. वर पोचायला दोघांना बराच वेळ लागला.