उलट्या खाचेचा चाकू

जितेंद्रने पिशवीतून जुने घडीचे चाकू काढून टीपॉयवर मांडले, तेव्हा यमुनाबाईंचा ऊर भरून आला. सगळे त्यांच्या नवऱ्याच्या, बळीरामच्या हातचे. बळीराम कधीच गेला, सोपाऱ्यातल्या त्याच्या लोहारकामाच्या दुकानाच्या जागी इमारत उभी राहिली, यमुनाबाई मनवेलपाड्यात लेकाच्या फ्लॅटमध्ये आल्या. आणि आता हा बँकेत नोकरी करणारा तरुण हौसेने ते चाकू जमवत हिंडत होता. बळीरामने आधी कोणते घडवले, मागाहून कोणते, याचा छडा लावून त्यावर पुस्तक काढायचं होतं त्याला.

"लाकडी मुठीचे नंतरचे," यमुनाबाई म्हणाल्या. "आधी म्हशीच्या शिंगाची मूठ असायची. हा बघ माझा. अगदी पहिला. लग्नाच्या वर्षी त्यांनी स्वतः हातात दिला."

जितेंद्रने तो निरखून पाहिला. "सुरेख आहे, आजी. पण याच्याही आधीचा एक कळंबला सापडलाय. मूठ शिंगाचीच, पण ओबडधोबड, नवशिक्या हाताची. आणि नखाने पातं उघडायची खाच उलट्या बाजूला. आजोबा डावखुरे होते का?"

"छे! कळंबला कोणाकडे?"

"कमळीआजींकडे."

यमुनाबाईंचा चहा कपातच निवला. डावखुरी होती ती कमळीच. दुकानामागच्या वाडीत विड्याची पानं खुडायला यायची आणि घटकाघटका भात्यापाशी हसत उभी राहायची. तिच्या कमरेचा चाकू यमुनाबाईंनी तेव्हाही पाहिला होता. आपल्याला मिळाल्यानंतर तिने विकत घेतला असेल, अशी मनाची समजूत घातली होती. म्हणजे नवऱ्याने पहिला चाकू घडवला तो त्या बाईच्या हातासाठी!

"मला कळंबला ने," त्या उठल्याच. "आत्ता."

कमळी ओट्यावर फणसाच्या आठळ्या सोलत होती. त्याच चाकूने.

"अगो, यमुनावयनी! बस, पानी आनते."

"पाणी राहू दे. हा चाकू तुला का दिला त्यांनी?"

"दिला कसला, गळ्यात मारला!" कमळी खदखदून हसली. "पयल्या खेपेला दादाने पत्र्याचा फर्मा उलटा ठेवला. सगळ्या पात्यांच्या खाचा भलतीकडे! कोन घेनार? मी डावरी, म्हनून मला बोलला, घे बाय, तुझ्याच कामाचा. बाकीचे भंगारात घातले. मग नीट जमला तो पयला तुला दिला. काय घासत बसला होता तुझ्यासाठी! मी चिडवायची त्याला."

यमुनाबाईंच्या छातीवरचा दगड उतरला. पण क्षणभरच.

"म्हणजे उलट्या खाचेचा जगात हा एकच!" जितेंद्र जवळजवळ ओरडला. "कमळीआजी, डाव्या हातात धरा. असा. हसा. हा फोटो पुस्तकात पहिल्याच पानावर घेतो."

कमळी लाजली, पदर सारखा करून बसली. यमुनाबाईंच्या मांडीवरच्या चकचकीत चाकूकडे कोणी पाहिलंही नाही.

परतताना रिक्षात जितेंद्र म्हणाला, "बरं झालं ना, आजी? बिघडलेला तिला, चांगला तुम्हाला."

"बरं कसलं डोंबलाचं!" यमुनाबाईंनी चाकू बटव्यात कोंबला. "एवढे बिघडवले, त्यातला एक मला द्यायला काय झालं होतं मेल्याला?"