दोन रिकामे कंस

"कॉम्प्युटरवाली घंटी कुठं हाय?" रचनानं माउस सोडून महेंद्रला विचारलं.

"तिथंच असंल."

"तिथं काहीच नाही. नुसते दोन कंस हायेत."

महेंद्रनं खांदे उडवले. ॲम्ब्युलन्स मागवायचा त्यांचा प्रोग्रॅम एकच होता, गावातल्या फोनवरही तोच आणि बालाघाटच्या या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही तोच. आवाज करायची तऱ्हा तेवढी प्रत्येक यंत्राची निराळी, म्हणून घंटीचा भाग वेगवेगळा लिहावा लागायचा. फोनचा त्यानं लिहिला होता. कॉम्प्युटरच्या जागी नुसते दोन रिकामे कंस ठेवले होते, म्हणजे प्रोग्रॅम अडखळणार नव्हता. गावाहून हाक आली की पडद्यावर गुपचूप एक ओळ उमटणार, आणि टेबलावरचा माणूस चहाला गेलेला असला तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता.

"गुणाकर सरांनी विचारलं तं?"

"स्पीकर खराब हाय म्हणू. उद्या उकव्याची गाडी सुरू होऊ दे, मग लिहून टाकतो. तुलेच घाई होती ना?"

होतीच. उकव्यात, तिच्या गावी, तिच्या वहिनीचे, राखीचे, दिवस भरत आले होते, आणि आज काम पसंत पडलं तरच ॲम्ब्युलन्स सेवेचे प्रमुख गुणाकर तिकडे गाडी ठेवणार होते. रचनाला महेंद्रचा राग आला. त्याचं म्हणणं आपल्याला पटू लागलंय, याचा त्याहून जास्त आला.

जिन्यावर गुणाकरांच्या चपला वाजल्या. आता घंटी लिहायला वेळ नव्हता. तिनं कीबोर्ड ओढला आणि त्या कंसांत एकच ओळ घातली: घंटी नसेल तर प्रोग्रॅमनं इथंच थांबावं आणि तसं सांगावं.

"पागल झाली का? मिटव ते!"

तिनं मिटवलं नाही.

गुणाकरांनी स्वतःच फोनवरचं गाडी मागवायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरवर लाल अक्षरं आली: या यंत्राची घंटी लिहिलेली नाही.

"हे काय?"

महेंद्र स्पीकरकडे बघत राहिला.

"काम अर्धंच झालंय, सर," रचना म्हणाली.

"मग उद्याची गाडी रद्द. पुढच्या महिन्यात बघू."

ते निघून गेले. महेंद्रनं खुर्ची मागे ढकलली. "झालं समाधान?"

रचनानं मोबाइल काढला. तिनं घरी फोन लावला.

"वहिनी, गाडी नाही येत. दादाले घेऊन आजच्याच बसनं निघ. माह्या इथल्या खोलीवर राहा."

"अवं, मी तं त्या गाडीच्याच भरवशावर बसली होती!"

"हौ. म्हणून तं सांगून राह्यली."

रचनानं फोन ठेवला तरी महेंद्र लाल अक्षरांकडेच पाहत होता.

"जुन्या फोनची एक जागा बी मी तशीच सोडली हाय. नेट नसलं तं हाक जात नाही. पडद्यावर मात्र 'गाडी निघाली' असंच येते."

रचनानं खुर्ची त्याच्याजवळ ओढली. राखीचा फोन जुनाच होता.

"दाखव," ती म्हणाली.