पक्क्या रंगाची साडी

मी एक जुनी साडी आहे. मित्रांनो, आज मला पाहून कुणाला पटणार नाही, पण एके काळी मी लालभडक होते आणि माझ्यात ताठाही फार होता. तो सगळा खळीचा. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ चोपडली की ते चार दिवस राणीसारखं दिसतं.

लातूर तेव्हा नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्यांमुळे बाजारात गर्दी वाढली होती आणि मी रस्त्याकडेच्या पथारीवर ढिगात पडले होते. रेणापूरजवळच्या गावातून सुमनबाई आल्या. दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांचे हात फुटले होते. मुलीचं, तारामतीचं, लग्न तोंडावर आलेलं. चारचौघींत अंगावर काही नवं असावं, एवढीच त्यांची हौस. माझा पदर चिमटीत धरून त्या म्हणाल्या, "कोपरा भिजवून बघू का? रंग जाईल."

पथारीवाला हसला. "मावशी, प्यायाला पानी न्हाई अन् तुमाला साडी भिजवायचीय! रंग पक्का हाय. गेला तर आणून द्या, वापस घेतो."

पाण्याचं म्हणाल तर ते खरंच होतं. सुमनबाईंनाही हसू आलं आणि मी त्यांच्या पिशवीत गेले.

घरी एक पांढरी साडी आधीच येऊन बसली होती. बौद्ध घरातली नवरी लग्नात पांढरं नेसते. म्हणून तारामतीच्या मामाने, व्यंकटीने, ती नांदेडच्या दुकानातून पारखून आणली होती. एस.टी.च्या प्रवासात ती धुळीने माखली. मला नेसून पाहिलं तर माझ्या खळीने सुमनबाईंच्या अंगाला खाज सुटली. दोघींनाही पाणी दाखवणं भाग होतं, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी टँकर आलाच नाही. घरात होतं ते बादलीभर पाणी.

शेजारच्या धुरपताबाई म्हणाल्या, "सुमन, आधी पांढरं काढ गं. मग त्याच पान्यात हे घाल."

"येळ कुठंय, बाई? पाव्हणे यायलेत, याच पान्यानं सारवायचंय. अन् रंग पक्का हाय म्हनला की त्यो!"

त्यांनी आम्हा दोघींना एकत्रच भिजत घातलं. थोड्या वेळाने झाकण काढलं तर पाणी लाल आणि पांढरी साडी अर्धी गुलाबी. पुन्हा खळबळून काढायला दुसरं पाणी नव्हतं. सुमनबाई बादलीपाशी बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तारामतीने डागाची बाजू निऱ्यांत घेऊन तीच साडी नेसली. वंदनेला वाकली तशा निऱ्या फाकल्या. नवऱ्याकडची एक बाई म्हणालीच, "अगं बया, नवी साडी अन् डागाची?"

तारामतीने मान वर केली. "माझ्या आईनं धुतलीय ती."

सुमनबाई मागे उभ्या होत्या, आपल्या जुन्याच लुगड्यात. मी दांडीवर वाळत होते.

पुढच्या बाजारी त्या मला परत करायला लातूरला गेल्या. पथारीच्या जागी दुसराच माणूस चपला विकत बसला होता. मग काय, मला नेसल्या. मी धुण्यागणिक फिकी पडत गेले, पहिल्या पावसाळ्याआधी गुडघ्यावर फाटले, आणि आता चुलीजवळचं फडकं आहे.

मित्रांनो, स्वस्त घेऊ नका असं सांगणारी मी कोण? ऐपतीपुढे कुणाचं चालतं? पण घ्याल ते कापड उजेडात धरा, वीण ताणून पाहा, घरून ओला रुमाल न्या आणि कोपऱ्यावर घासा. विकणारा हसला तर हसू द्या.

परवा तारामती माहेरी आली होती. तिने लग्नातली ती पांढरी साडी पेटीतून काढून लेकीला दाखवली. माझा लाल रंग माझ्या अंगावरून कधीच उडून गेलाय. तिच्या साडीवर मात्र तो गुलाबी डाग अजून तसाच आहे. पथारीवाला खोटं बोलला नव्हता. रंग पक्काच होता.