दोनशे चौदा वाक्यं

विजयादशमीच्या सकाळी साडेसातच्या सुमारास मी एका माणसाचा आवाज पुसून टाकला. मुद्दाम नाही. पण ‘मुद्दाम नाही’ हे शब्द आमच्या धंद्यात रोज कानावर येतात आणि मी ते ऐकून रोज नाक मुरडते, त्यामुळे स्वतःसाठी ते वापरायची लाज वाटते.

मी स्वरदा. मूळची सांगलीची, चेन्नईत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. चार वर्षं मैलापूरला हेमावतीकाकूंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. काकू आणि त्यांचे यजमान प्रतापसिंहकाका तंजावरकडचे मराठी. गल्ली त्यांना मामा-मामी म्हणते, मी काका-काकू. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी जुनी पोथी वाचतंय, तीही तमिळ हेल काढून.

काकांचा आवाज हे त्या गल्लीतलं एक प्रस्थ होतं. दारात उभं राहून ते भाजीवाल्याला हाक मारायचे आणि तो तिसऱ्या गल्लीतून ‘आलो सार’ म्हणायचा. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी घशाच्या कर्करोगाने त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली होती. संगणकाचा तयार मराठी आवाज मी त्यांना ऐकवला, तर त्यांनी तोंड वाकडं केलं. “ही बातम्या सांगणारी बाई माझ्या बायकोशीं बोलणार?” म्हणाले.

मग आम्ही त्यांचाच आवाज साठवायचं ठरवलं. माझ्या खोलीत खिडकीला रजई टांगून रोज संध्याकाळी बसायचो. रोजच्या वापराची दोनशे चौदा वाक्यं भरली. ‘कापी दे.’ ‘सांबारांत मीठ नाहीं.’ ‘पंखा लाव.’ मी लॅपटॉपवर बटणांचा एक तक्ता करून दिला. बटण दाबलं की काका बोलायचे. सगळ्यात जास्त चालणारं बटण कोणतं, तर सातवं. काकूंना घरात फिरता फिरता दर दहा मिनिटांनी “अहो, कोठें आहात?” असं ओरडायची सवय आहे. उत्तराचं काय करायचंय, काही नाही, नुसतं उत्तर आलं पाहिजे. सातवं बटण म्हणायचं, “इथेंच आहें. कोठें जाणार?”

आता आयुधपूजा. इथे त्या दिवशी कामाची हत्यारं पूजेत ठेवतात, स्वयंपाकाच्या सुरीपासून स्कूटरपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. काकूंनी काकांचा लॅपटॉप पाटावर ठेवायचं ठरवलं. “वर्षभर ह्यांच्यासाठीं बोलला तो. एक दिवस विश्रांति नको त्याला?” काकांनी खडूने पाटीवर लिहिलं, ‘मलाही.’ एक दिवस मौन पाळायला ते खुशीत तयार झाले.

आम्ही तो लॅपटॉप कधी बंद करत नव्हतो, नुसतं झाकण मिटायचो. पूजेसाठी पहिल्यांदाच नीट बंद करायचा होता. बंद करायला गेले तर पर्याय एकच दिसत होता, ‘अपडेट करून बंद करा’. तेरा महिन्यांचं साचलेलं अपडेट. मी बेधडक दाबलं आणि वर चंदनाचा टिळा लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कापूर ओवाळला, लॅपटॉपवरची शेवंती उचलली आणि तो काकांच्या पुढ्यात ठेवला. काकांनी पहिलं बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. मग सातवं. काकांनी माझ्याकडे बघितलं.

“काय झालें ग?” काकू म्हणाल्या.

“काही नाही, दोन मिनिटं,” मी म्हटलं. आमच्या धंद्यातलं दुसरं खोटं वाक्य.

अपडेटने काय केलं होतं ते मला नंतर कळलं. त्याने डेस्कटॉपवरची फोल्डरं उचलून क्लाउडच्या जागेत नेली होती आणि तक्ता जुन्याच जागी शोधत बसला होता. तेव्हा मला दिसलं ते एवढंच की ‘काका’ नावाच्या फोल्डरात सगळी नावं आहेत, प्रत्येकापुढे छोट्या ढगाची खूण आहे आणि एकही उघडत नाही. मला वाटलं, अपडेटने मोडक्या नकला टाकून ठेवल्यात. खरा साठा क्लाउडवर सुखरूप आहे. हे पुसू आणि तिथून ताजं उतरवून घेऊ. मी सगळं निवडलं आणि पुसून टाकलं. मध्ये एक सूचना आली, ती न वाचता मी ‘हो’ म्हटलं. सूचना न वाचता ‘हो’ म्हणणाऱ्या माणसांवर मी रोज आठ तास चिडते.

मग ब्राउझरमध्ये क्लाउड उघडला. पासवर्डनंतर येणारा कोड काकांच्या फोनवर गेला, आणि फोनही पूजेतच होता, कुंकवाखाली. काकूंनी तो पदराने पुसून दिला. कोड टाकला. ‘काका’ फोल्डर उघडलं. रिकामं.

ते ढग म्हणजेच क्लाउडवरचा साठा होता; इथून पुसलं की तिथूनही गेलं. दुसरा साठा कुठे नव्हताच. लॅपटॉपची कचरापेटीही रिकामी होती. मी नक्कल दुसरीकडे ठेवली नव्हती. जगाला सांगत फिरते, तीन ठिकाणी ठेवा, तीन ठिकाणी ठेवा.

तो माणूस समोर शांत बसला होता, नवं धोतर नेसून, गळ्यातल्या छिद्रावर पांढरा रुमाल बांधून. रागावला असता तर बरं झालं असतं, पण रागवायचं बटणही त्याच फोल्डरात होतं, एकशे नव्वदावं.

“काकू,” मी म्हटलं, “माझ्याकडून काकांचा आवाज गेला.”

काकू हातातल्या तबकासकट खाली बसल्या. “अयय्यो,” एवढंच म्हणाल्या, अगदी हळू. त्या बाईला मी चार वर्षांत हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात मला पडद्याच्या डाव्या कडेला क्लाउडची स्वतःची कचरापेटी दिसली. लॅपटॉपची वेगळी, ही वेगळी. पुसलेलं तीस दिवस तिथे पडून राहतं. हे मला माहीत होतं, पण भीतीने माणसाचं डोकं चालत नाही. मी ती उघडली. आहेत! सगळी नावं, ओळीने. वर आकडा होता, दोनशे तेवीस.

“आहे, काकू, सगळं आहे!” मी अक्षरशः किंचाळले. नऊ फायली जास्त का, हा विचार माझ्या मनात आलाच नाही.

काका मात्र पुढे वाकून पडदा वाचत होते. त्यांनी एकदम हात हलवला. मला वाटलं, घाई करताहेत. त्यांनी माझं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने पाटीवर खडू ओढला. मी ते वाचायच्या आत ‘सर्व परत आणा’ दाबून मोकळी झाले. मग वाचलं. ‘सगळें नको.’

“का, काका? आलं की सगळं!” मी म्हटलं आणि फायली लॅपटॉपवर उतरवून, तक्त्याला नवी जागा दाखवून खात्री करायला यादीतली सगळ्यात वरची फाईल उघडली. तिचं नाव होतं ‘हेमा १’. हे नाव मी कधी दिलेलं नव्हतं.

खोलीत काकांचा आवाज आला. तो बटणांवरचा खणखणीत आवाज नव्हता, खालच्या पट्टीतला होता.

“हेमा. हें तूं ऐकते आहेस म्हणजे मी आस्पत्रींतून परत आलों नाहीं.”

बंद करायचं बटण समोर होतं आणि मला ते दिसेना.

“आधीं बस. ग्यास बंद आहे का बघ. माझे चप्पल दारांतच राहूं देत, एकटी बाई आहे असें कोणास कळायला नको. वरच्या मुलीला सोडूं नकोस, तोंड तिखट आहे पण पोर चांगली.” मध्ये थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. “आणि एक. मला हांक मारूं नकोस. कोठें आहात म्हणून विचारायची तुझी खोड आहे. जबाब येणार नाहीं, आणि मग तूं उगाच...”

फाईल तिथेच संपली. पुढची आठ मी उघडली नाहीत.

शस्त्रक्रियेआधी, मी दुपारी ऑफिसात असताना, त्यांनी एकट्याने त्या नऊ फायली भरल्या असणार आणि मला दिसू नयेत म्हणून थेट क्लाउडवर ठेवल्या असणार. कचरापेटीत त्यांच्यापुढे पुसल्याची तारीख होती, बारा दिवसांपूर्वीची. त्या दिवशी वर्षाच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, आता काही नाही. त्या दिवशी काकूंनी गल्लीत पायसम वाटलं होतं. आणि काकांनी घरी येऊन, कुणाला न सांगता, आपलं मरण पुसून टाकलं होतं. ते मी परत आणलं.

काका मान खाली घालून बसले होते. चोरी पकडल्यागत त्यांचे कान लाल झाले होते. काकू नवऱ्याकडे बघत नव्हत्या, लॅपटॉपकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर आता मला घराबाहेर काढतील. मी दोन्हीला पात्र होते.

त्या उठल्या. पदर खोचला. नवऱ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या, तरी घर दुमदुमेल एवढ्या मोठ्याने ओरडल्या.

“अहो, कोठें आहात?”

काकांचं बोट तक्त्यावर फिरलं. एकदा चुकलं, आणि पंखा लावायला सांगितलं. मग सातवं बटण सापडलं.

“इथेंच आहें. कोठें जाणार?”

“पुन्हा,” काकू म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा दाबलं.